कुत्रं सोडून याल, गोचीड घरातच राहतील

बेळगावच्या वडगाव भागातून एका ताईंचं पत्र आलंय. ओळख गाळून, थोडक्यात असं: जुनं कौलारू घर, मातीच्या भिंती, वर माळा, पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग. घरात सासूबाई, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि खंड्या. खंड्या गल्लीतलाच, ३ वर्षांपूर्वी भर पावसात मुलानं पिशवीत घालून आणला. दिवाळीनंतर त्याच्या कानात गोचीड दिसू लागले, म्हणून २ महिने त्याला बाहेर सोडलेलं नाही. ताई रोज संध्याकाळी दहा-बारा वेचतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. आता भिंतीवरून चढतानाही दिसतात, आणि गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या वाकळेवर एक टम्म फुगलेला सापडला. पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणाला माहेरी येणार आहे. सासूबाई कडोलीकडच्या, गुराढोरांत वाढलेल्या. त्यांचं म्हणणं, लेक यायच्या आधी ते कुत्रं घराबाहेर गेलं पाहिजे. नवरा म्हणतो, जांबोटी रोडला एखाद्या धाब्यापाशी सोडून येऊ, तिथं काही उपाशी मरायचं नाही. मुलानं दोन दिवस जेवण टाकलंय. ताई लिहितात, 'बाळ मोठं की कुत्रं, असं सगळे मलाच विचारतात. उत्तर मलाही कळतं, पण हातून होत नाही. माझ्याच आळसामुळं ही घाण घरात आली का? आणि हे माकडतापाचे गोचीड तर नव्हेत?'

ताई,

'बाळ मोठं की कुत्रं' ह्याचं उत्तर तुम्ही देऊन टाकलंयत, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला खटकलं ते दुसरंच. हे विचारणाऱ्या सगळ्यांनी धरून चाललंय की खंड्या गेला की गोचीड गेले. तुम्हीही तेच धरून चाललाय, म्हणून तर जीव खातंय: उपाय हाताशी आहे आणि मी मायेपोटी तो करत नाही. अहो, तो उपायच नाही.

तुमच्याच पत्रातलं वाक्य घ्या. रोज दहा-बारा वेचता, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. खंड्या २ महिने उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. मग हे रोजचे नवे येतात कुठून? खंड्याच्या अंगावर ते जन्मत नाहीत, कारण हा गोचीड कुत्र्याच्या अंगावर अंडी घालतच नाही. ते येतात तुमच्या भिंतीतून.

सासूबाई गुरांत वाढलेल्या आहेत हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं घरातल्या निम्म्या भांडणाचं मूळ तिथं आहे. गुरांच्या गोचिडाचा हिशेब वेगळा. गोठ्यात जो नेहमी आढळतो तो एकदा गाईच्या अंगावर चढला की बारक्याचा मोठा होईपर्यंत तिथंच मुक्काम ठोकतो. मादी शेवटी फक्त अंडी घालायला खाली पडते. त्यामुळं जनावराला औषध चोळलं की बराचसा बंदोबस्त होतो, आणि जनावर विकलं की अंगावरची पीडा त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या दावणीला जाते. सासूबाईंनी आयुष्यभर हेच पाहिलंय. त्या हिशेबानं त्यांचं बोलणं चुकीचं नाही, फक्त किडा दुसरा आहे.

कुत्र्याचा तपकिरी गोचीड, शास्त्रातलं नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, आयुष्यात तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू खसखशीएवढं, सहा पायांचं. ते कुत्र्यावर चढतं, चार-सहा दिवस रक्त पितं, गळून पडतं आणि एखाद्या फटीत जाऊन कात टाकतं. आता पाय आठ होतात. पुन्हा चढायचं, प्यायचं, पडायचं, पुन्हा कात. मग मोठा झालेला गोचीड तिसऱ्यांदा चढतो. मादी आठवडाभर पीत राहते, फुगून निळसर राखाडी होते, एरंडाच्या बीसारखी दिसते. (ही उपमा माझी नाही. एरंडाला शास्त्रात रिसिनस म्हणतात आणि लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थच गोचीड.) मग ती गळते, सांदीकोपरा गाठते, तिथं हजारांनी अंडी घालते आणि मरते. एका मादीची अंडी ४,००० पर्यंतही जातात. घर उबदार असलं की अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा दोन-अडीच महिन्यांत पुरा होतो. तुमची दिवाळी आणि आजची तारीख ह्यांच्यामधलं अंतर मोजून पाहा.

म्हणजे खंड्याच्या अंगावर हा पाहुण्यासारखा असतो, राहतो तो तुमच्याकडे. बहुतेक जातींचे गोचीड रानात, गवतात, गोठ्यात वाढतात. माणसाच्या घरात, चार भिंतींच्या आत, जन्मापासून मरणापर्यंत सगळं उरकणारा हा जवळपास एकटाच.

आणि त्याला वर चढायची खोड आहे. पोट भरलं की जमीन सोडून भिंत धरतो. चौकटीची फट, तुळईचा सांधा, माळ्याची फळी, फोटोची मागची बाजू. आमच्या टिळकवाडीच्या घरात बारा-तेरा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. आम्हीही शहाणपणा करून कुत्रीला गच्चीवर बांधलं, घर फिनेलनं पुसलं आणि सुटलो म्हणून झोपलो. आठवड्यानं रात्री पाणी प्यायला उठलो तर बॅटरीच्या उजेडात दिनदर्शिकेच्या कडेनं एक बारका वर निघालेला. दिनदर्शिका उचलली. मागे, खिळ्याच्या जरा वर, पोपड्याच्या आड एक मादी चिकटलेली, सुकल्या मनुकेसारखी सुरकुतलेली. तिच्या तोंडाशी तपकिरी, चकचकीत अंड्यांचा ढीग. गुळाच्या पाकात खसखस घोळवून ठेवावी तसा. कुत्री बिचारी गच्चीवर थंडीत कुडकुडत होती आणि पुढची पिढी इथं देवघराशेजारी निवांत बसली होती.

आता खंड्याला जांबोटी रोडला सोडून आलात असं धरू. त्याच्या अंगावर होते तेवढे गोचीड त्याच्याबरोबर गेले. भिंतीतले राहिले. ते उपाशी मरतील असं वाटेल, पण हा प्राणी उपासाला खमका आहे. बारकी पिल्लंही काही महिने तग धरतात, आणि मोठा गोचीड दीड वर्षापर्यंत रक्ताच्या थेंबाविना राहू शकतो. त्याला कुत्र्याचं रक्त आवडतं. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण कुत्रंच उरलं नाही, उन्हाळा तापू लागला, भूक अनावर झाली, की मग तो मिळेल त्याला चावतो. तुमच्या घरात त्याच महिन्यात कोण येणार आहे हे मी सांगायला नको. लेकीच्या काळजीनं खंड्याला बाहेर काढायचं, आणि गोचिडांसमोर लेक नि नातवंड तेवढं ठेवायचं, असा तो प्रकार होईल.

उलट बाजूनं बघा. खंड्याच्या रक्तात औषध असेल तर तो तुमच्या घरातला सापळा होतो. भिंतीतून जो उतरेल तो खंड्याकडेच जाणार, त्यालाच चावणार आणि मरणार. ह्या गोचिडासाठी माणसानं केलेला कुठलाही सापळा एवढा चांगला नाही. म्हणून माझा सल्ला असा, की बाळंतपण होईतो खंड्या घरातच हवा.

औषधाचं सांगतो. मी पशुवैद्य नाही, त्यामुळं हे घेऊन दवाखान्यात जा आणि अखेरचा शब्द त्यांचा माना. हल्ली कुत्र्यांना चावून खायच्या गोळ्या मिळतात. वेष्टनावर नावं काहीही असोत, आतलं औषध फ्लुरालानर, अफॉक्सोलानर किंवा सारोलानर असतं. पहिल्याची एक गोळी साधारण १२ आठवडे पुरते, बाकी दोन्ही महिना-महिना द्याव्या लागतात. गोळी वजनावर ठरते, म्हणून अंदाजपंचे घेऊ नका. घरी वजन करायचं तर खंड्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं, झालं. मोठी गोळी आणून दोन कुत्र्यांत तोडून वाटणं हा आपल्याकडचा आवडता काटकसरीचा मार्ग, तो नको. खंड्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण ह्या औषधांनी क्वचित काही कुत्र्यांना झटके येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तसा इशाराही दिलाय. गोळी महाग पडते हे खरं. स्वस्तातला मार्ग म्हणजे मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब किंवा अमिट्राझनं आंघोळ. त्यात पाण्याचं प्रमाण चुकलं तर कुत्रं गुंगतं, शिवाय आंघोळ पुन:पुन्हा घालावी लागते. घरात मांजर असेल तर ह्यातलं काहीही आणण्याआधी विचारा. कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पंधरा दिवसांनी घरात पुन्हा वाजेल. गोळी रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरतो. त्यामुळं गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसतील. ते भिंतीतून नव्यानं आलेले आणि मरणपंथाला लागलेले असतील. 'एवढे पैसे घातले नि काय उपयोग' असं म्हणून कुणी मधेच हात आखडता घेतला तर सगळं मुसळ केरात. फेरा दोन-अडीच महिन्यांचा, तर लढाई कमीत कमी तीन-चार महिन्यांची धरा.

दारातल्या कट्ट्यावर तुम्ही गल्लीतल्या दोन कुत्र्यांना भाकरी घालता, असं ताज्या कलमात लिहिलंय. घाला, कोण नको म्हणतंय. पण तीही त्याच कट्ट्याच्या फटींत गोचीड पाडून जातात आणि त्या कट्ट्यापासून तुमची चौकट दोन हातांवर असते. जमलं तर त्यांनाही डॉक्टरांना विचारून गोळी द्या. भाकरीत घालून सहज जाते. नाही जमलं तर भाकरीची जागा चार घरं पुढं सरकवा. जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागून असते, तेव्हा शेजारी कुत्रं असेल तर त्यांच्याशीही बोला. तुमची बाजू साफ आणि पलीकडची भरलेली, असं झालं तर गोचीड काही मध्ये हद्द मानत नाहीत. आपल्या भागात हद्दीवरून भांडायची सवय माणसांनाच.

घराचं काम कंटाळवाणं आहे, आणि खरी बाजी तिथंच आहे. औषध फवारायच्या आधी झाडलोट. रात्री जेवणं उरकल्यावर बॅटरी घेऊन फिरा, उजेड भिंतीला समांतर, वरच्या बाजूला. खंड्या जिथं झोपतो तिथून सुरुवात, कारण पोट भरलेला गोचीड बहुधा तिथंच गळतो आणि जवळच्या भिंतीला लागतो. बारक्या पिल्लांचा पुंजका दिसला तर झाडू मारू नका, उधळतात. रुंद चिकटपट्टी त्यावर दाबा आणि दुमडून टाका. मोठे दिसले तर चिमट्यानं उचलून साबणाच्या दाट पाण्यात किंवा स्पिरिटच्या बाटलीत. बोटांनी चिरडायचं नाही, सासूबाईंना अंगठ्याच्या नखाची सवय असेल तरी. धूळ ओढायचं यंत्र कुणाकडून दिवसभर मागून आणता आलं तर उत्तम; त्यातला कचरा पिशवीत बांधून घराबाहेर. खंड्याचं अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यात. गोणपाट असेल तर सरळ जाळा आणि धुता येईल असं काही द्या. मग भिंती. मातीच्या भिंतीचे पोपडे खरवडून लिंपून घ्या, चौकटीच्या फटी पुट्टीनं बुजवा. गोचिडाला लपायला जागा उरली नाही की निम्मं काम झालं. बाळंतपणाच्या निमित्तानं एरवीही घर सारवायचं-रंगवायचं असतंच, ते पंधरा दिवस आधी ओढा.

फवारणी हवी असेल तर घरात चालणारं औषध, परवाना असलेल्या माणसाकडून, फटींवर आणि भिंतीच्या वरच्या बाजूला. अंडी फवारणीला सहसा दाद देत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात लागतो. फवारलेलं वाळेपर्यंत पोर आणि खंड्या बाहेर. सोप्यातले माग त्या दिवशी बंद ठेवा आणि सूत, बीम, तयार माल सगळं झाकून घ्या. औषधाचा डाग साडीवर पडला तर सावकार ऐकून घेणार नाही. माग चालतात त्या खोलीत ऊब असते, कापसाचा भुगा असतो, फळ्यांना सांधे असतात, तेव्हा झाडताना ती खोली वगळू नका.

शेतातलं औषध मात्र घरात आणायचं नाही. ऊस-तंबाखूवर मारायचं उरलंसुरलं औषध भावकीतून कुणी बाटलीत घालून देतं, 'हे मार, पाल पण उरायची नाही.' खरंय, पाल उरणार नाही. ते बंद घरात, जमिनीवर रांगणाऱ्या पोराच्या घरात मारायला केलेलंच नसतं. निपाणी भागात दुसरा रामबाण उपाय चालतो: तंबाखूचा काढा कुत्र्याला चोळायचा. गोचीड मरतीलही थोडे, पण निकोटीन कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातं आणि कुत्र्याला विष चढतं. रॉकेल नको, कातडी भाजते. लसूण खायला घालू नका, कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. कडुलिंबाच्या धुरीनं मच्छर पळतील. फटीत बसलेल्या गोचिडाला त्याचं सोयरसुतक नसतं. एकानं मला कोंबड्या पाळा म्हणून सांगितलं होतं. कोंबड्या गोठ्यात गोचीड टिपतात खऱ्या, पण तुळईच्या सांध्यात चोच कशी पोचवणार ते त्यानं सांगितलं नाही.

आता आळसाचं. तुम्ही रोज संध्याकाळी दिव्याशी बसून कुत्र्याचे कान चाळता, त्याला आळस म्हणत असाल तर कष्ट कशाला म्हणायचं? हा गोचीड घाणीवर जगत नाही, रक्तावर जगतो. फरशीच्या लखलखीत बंगल्यातही तो पडद्याच्या दुमडीत सुखानं राहतो. तुमच्या घराचा दोष असलाच तर एवढाच की ते जुनं आहे आणि त्याला फटी आहेत. एक चूक मात्र झाली. पहिला दिसला तेव्हाच खंड्याला औषध मिळालं असतं तर भिंतीपर्यंत गेलं नसतं. पण ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

माकडतापाची भीती आपल्याकडे उगाच नाही. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१६ पासून आपल्या शेजारच्या दोडामार्गातही त्याचे रुग्ण सापडले. पण तो पसरवणारा मुख्य गोचीड वेगळा, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, जंगलातला. काजूला, पानाला, सरपणाला रानात जाणाऱ्यांनी त्याची धास्ती घ्यावी. वडगावातल्या भिंतीवर चढणारा तो नव्हे.

म्हणून हा अगदीच निरुपद्रवी असंही नाही. ह्याच्यापासून माणसाला ठिपक्यांचा ताप येऊ शकतो, रिकेट्सिया जातीच्या जंतूचा. क्वचित येतो, पण डॉक्टरांच्या लक्षात वेळेवर आला तर साध्या औषधानं बरा होतो, उशीर झाला तर अवघड. तेव्हा घरात कुणाला चिकटलेला सापडला तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिळायचा नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही, तेल-तूप लावून वाट बघत बसायचं नाही. साबणानं धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, विशेषतः तळहात-तळपायांवर, असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की गोचीड चावला होता. ते विचारतीलच असं नाही.

बाळंतिणीची खोली सगळ्यात आधी तयार करा. तुमच्याकडे महिना आहे आणि पूर्ण घर तेवढ्यात साफ होणार नाही, हे मान्य करून एक खोली निवडा. ती आधी लिंपा, तिच्या फटी आधी बुजवा, भिंतीवरचं सगळं उतरवा. पलंग भिंतीपासून हातभर लांब, पांघरूण जमिनीला लागणार नाही असं. पाळणा भिंतीला टेकू द्यायचा नाही, आणि बाळाला घेण्याआधी रोज दुपटी झटकायची. खंड्याला त्या खोलीत मज्जाव, एवढं मान्य करायला लागेल. गोचीड नसते तरी मी हेच सांगितलं असतं.

खंड्याचं रक्त तपासून घ्या. एवढे महिने एवढे गोचीड अंगावर, म्हणजे टिक फीव्हरची, गोचिडांतून कुत्र्याला होणाऱ्या तापाची, शंका घ्यायलाच हवी. ताप, अन्नावर वासना नसणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त, लघवीला काळपट रंग, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्तात ह्या तापाचा जंतू, एर्लिकिया, निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण ४ आठवड्यांचा कोर्स असतो. आठवड्यात कुत्रं उड्या मारायला लागतं आणि माणसं गोळ्या बंद करतात. तसं करू नका.

राहता राहिल्या सासूबाई. तुमच्या पत्रात त्या खंड्याच्या मुळावर उठल्यासारख्या दिसतात. मला मात्र दिसलं ते असं, की वाकळेवरचा गोचीड त्यांनी पाहिला आणि घरात पहिल्यांदा कुणीतरी ही गोष्ट गंभीरपणे घेतली. त्यांची भीती खरी आहे, औषध तेवढं चुकलंय. त्यांना पटवायला माझं पत्र वाचून दाखवू नका, ते सुनेच्या बाजूचं वाटेल. एका रात्री त्यांना बरोबर घेऊन बॅटरी मारा. खंड्या दुसऱ्या खोलीत झोपलेला असताना माळ्याच्या फळीमागे गोचीड निघाला, की गुरांत वाढलेल्या बाईला पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. कुठल्या भिंतीला आधी लिंपायचं हेही त्याच ठरवतील, बघा.

आणि नवऱ्याला एवढं सांगा, पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा जागी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड त्या कायद्यात १० ते ५० रुपये लिहिलाय, ऐकून हसू येईल, त्यामुळं कायद्याच्या धाकावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. धाब्याचं खरं सांगायचं तर तिथं आधीची कुत्री असतात आणि ती नव्याला टिकू देत नाहीत. मुलाला हे माहीत असणार, म्हणून त्यानं जेवण टाकलं. त्याला रडू नको म्हणण्यापेक्षा काम द्या. चिकटपट्टी आणि वही त्याच्या हाती: रोज किती सापडले, कुठल्या भिंतीवर. आकडा उतरताना त्याला दिसला की बाकीच्यांचाही धीर टिकतो.

सगळं करूनही घरात पटलं नाही आणि खंड्याला दुसरीकडे द्यायची वेळ आलीच, तर गावाकडे ओळखीच्या, कुत्रं हवं असलेल्या घरी द्या. पण आधी गोळी, मग १५ दिवस थांबून, अंग नीट तपासून. नाहीतर तुमच्या भिंतीतलं बी तुम्ही त्यांच्या भिंतीत नेऊन पेराल. आणि खंड्या गेल्यावरही तुमच्या घराचं लिंपण, फटी, फवारणी हे सगळं तसंच राहतं, उलट सापळा नसल्यामुळं जास्त नेटानं करावं लागेल. सासूबाईंना हा हिशेब नीट मांडून दाखवा, मग ठरवा.

गोळीची पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि पान उलटायला दिनदर्शिका खाली काढाल, तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवर एकदा बॅटरी मारून बघा.